सट्टूचा पोळ

"दावं लावायचं न्हाई, डाक्टर," यल्लूबाई म्हणाली. "एकदा सोडल्याल्याच्या गळ्यात परत दावं घालत न्हाईत."

"मग हा उभा कसा राहणार?"

"ऱ्हाईल की. मी हाय न्हवं."

मी हातातली सिरिंज पाठीमागे धरली होती. का, ते सांगता येणार नाही. बैलाला ती दिसली असती तरी कळली नसती. तो माझ्यापासून चार हातांवर उभा होता, पांढुरका, भल्या मोठ्या वशिंडाचा, आणि इतक्या मोठ्या हाडाच्या जनावराच्या बरगड्या इतक्या स्पष्ट दिसाव्यात हे मला आवडलं नव्हतं.

"डॉक्टर," मागून रेंजर मुळीक ओरडले. ते जीपच्या बॉनेटला टेकून उभे होते. "तुम्ही जनावरांचे डॉक्टर ना? मग जनावराजवळ जा की. का पुस्तकातनंच टोचणार?"

जीपमधले दोन गार्ड हसले. मीही हसलो. माझं काम जिल्ह्याच्या रोगनिदान प्रयोगशाळेत होतं. काचपट्ट्या रंगवायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, रिपोर्ट लिहायचे. जनावरं माझ्याकडे बाटलीतून यायची. सिरिंज घेऊन गोठ्यात जाणारे लोक वेगळे असतात, आणि मी त्यांतला नव्हतो, हे मुळीकांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

यल्लूबाईनं बैलाच्या मानेखाली हात घातला आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन काही बोलू लागली. शब्द मला ऐकू आले नाहीत. बैलानं मान खाली केली. मी मानेवरचे केस कापले, कातडीची घडी मोजली, सुई टोचली. तो हललासुद्धा नाही. मग मात्र खोकला. बैलाचा खोकला ज्यांनी ऐकला नसेल त्यांना सांगणं अवघड आहे. माणूस खोकल्यासारखाच असतो, फक्त खूप मोठ्या खोलीत.

"झालं?" यल्लूबाईनं विचारलं.

"आज झालं. तीन दिवसांनी परत बघायचं. टोचलं तिथं गाठ येते का ते."

"आली तर?"

मी सिरिंज डब्यात ठेवली. मुळीकांनी जीप सुरू केली होती.

याला आता चाळीसेक वर्षं झाली. आंबेखोल हे गाव सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या एका अरुंद खोऱ्यात आहे. वर राखीव जंगल, खाली भाताची खाचरं. त्या जंगलात गव्यांचा एकच कळप होता. तीनेक महिन्यांपूर्वी ओढ्याच्या काठी एक गवी मरून पडली होती आणि मुळीकांनी मला तिथं नेलं होतं. तिचं फुप्फुस कापताना सुरी करकरली. आत दह्याच्या घट्ट चोथ्यासारख्या गाठीच गाठी. काचपट्टीवर, निळ्या रंगात, बारीक लाल काड्या दिसल्या. मी त्या रात्रभर पुन्हा पुन्हा पाहिल्या, कारण माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास नव्हता. क्षय. रानातल्या गव्याला क्षय.

"रानात कुठनं आला?" मुळीकांनी विचारलं होतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. थट्टेखोर माणूस, पण तो कळप त्यांनी दहा वर्षं राखला होता. शिकाऱ्यांशी मारामाऱ्या केल्या होत्या. "सगळा कळप जाईल काय?"

"जाऊ शकतो. हळूहळू. एकाच पाण्यावर, एकाच चाटणावर येतात ना."

मग गार्डांनी सांगितलं, मिठाच्या चाटणावर गव्यांबरोबर एक बैलही येतो. गावचाच आहे. सट्टूचा पोळ.

मूळचा पुस्तकी असल्यानं मला पोळ म्हणजे काय ते वाचून ठाऊक होतं. माणूस गेला की अकराव्या दिवशी त्याच्या नावानं एक खोंड सोडायचा. त्याच्या मांडीवर डाग द्यायचा आणि दावं काढून टाकायचं. त्याला नांगराला जुंपायचं नाही, विकायचं नाही, कुणाच्या शेतात शिरला तरी मारायचं नाही. सट्टुप्पा हा यल्लूबाईचा मुलगा. एकुलता. मुंबईच्या गिरणीत होता, चार वर्षांपूर्वी वारला. एवढंच गार्डांनी सांगितलं.

तीन दिवसांनी मी एकटाच गेलो. मुळीकांना कसलीतरी मीटिंग होती. यल्लूबाईचं घर गावाच्या वरच्या अंगाला होतं, कौलारू, अंगणात एक फणस. पोळ अंगणातच उभा होता. तो रोज सकाळी येतो, भाकरी खातो आणि पुन्हा रानात जातो, असं ती म्हणाली. मालकी नाही, पण ओळख आहे.

गाठ आली होती. लिंबाएवढी. मी मोजली. परत मोजली. माझी पद्धत अशी की पहिला आकडा नेहमी चुकीचा धरायचा.

"किती येळा मोजताय?" यल्लूबाई म्हणाली. "मोजून मोजून कमी हुतीया व्हय?"

"नाही."

"मंग?"

"टीबी आहे त्याला."

ती खाली बसली. फणसाच्या मुळावर. मी अंगणातच उभा राहिलो. असल्या वेळी कुठं बघायचं असतं हे मला आजही कळत नाही.

"सट्टूलाबी त्योच हुता," ती म्हणाली.

"हो का."

"गिरणीतनं आला तवा खोकत आला. सरकारी औषध घिऊन बरा झाला. मंग म्हनला, आता कशाला गोळ्या, अन्न जात न्हाई त्यानं. बंद केल्या. सा म्हैन्यात रगात पडाय लागलं. गाव म्हनालं, पोरंबाळं हाईत, त्याला भाइर ठेवा. डाक्टरबी म्हनला, आई, जवळ जाऊ नगं." तिनं हातानं खाचरांकडे दाखवलं. "तितं खोप हुती आमची. त्या खोपीत ठेवला. मी जायाची, धोंड्यावर ताट ठेवायची, आन मागं सरायची. त्योच म्हनायचा, आये, मागं हो. मी मागं हुयाची. मंग त्यो ताट घ्यायाचा."

बैल भाकरीचा तुकडा चघळत होता.

"एकटाच न्हवता म्हना," ती म्हणाली, आणि तिचा आवाज जरा उजळला. "ह्यो हुता की. त्या सालातलंच वासरू. गाय मेली, म्हनून सट्टूनं खोपीतच बांधून घेतलं. अर्धी भाकरी स्वता, अर्धी ह्याला. एकाच ताटात. थंडीचं त्याच्या कुशीत निजायचं वासरू. गेला तवाबी ह्योच जवळ हुता. म्हनून म्या दुसरा खोंड न्हाई बगितला, ह्योच सोडला."

आदल्या आठवड्यात पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेतून उत्तर आलं होतं. गवीच्या फुप्फुसातला जंतू तिथं वाढवून बघितला होता. क्षयाच्या जंतूच्या दोन जाती मला तेव्हा ठाऊक होत्या, गुराढोरांतली एक आणि माणसातली एक. उत्तरात म्हटलं होतं, ही माणसातली. माणसाचा जंतू गुरात सहसा फार जोर धरत नाही, असं मी वाचलं होतं. म्हणून मी ते उत्तर बाजूला ठेवलं. वाटलं, बाटल्यांची अदलाबदल झाली असणार. माझ्याकडूनच झाली असणार.

"काय झालं?" यल्लूबाई माझ्याकडे बघत होती. "बोला की."

"काही नाही."

"तुमचं तोंड सांगतंय. बोला."

मला खोटं बोलता येत नाही. ही सद्गुणाची गोष्ट नव्हे. त्यासाठी लागणारी चपळाई माझ्याकडे नाही. मी अडखळत सांगितलं. गवीचा आजार गुरांतला नाही, माणसातला आहे. तो गवीला पोळाकडून मिळाला असावा. आणि पोळाला...

"सट्टूकडनं," ती म्हणाली.

"असू शकतं. खात्रीनं सांगता येत नाही."

"तुमास्नी कशाचीच खात्री न्हाई व्हय, डाक्टर?"

मग ती उठली, बैलाजवळ गेली, आणि त्याच्या छातीवर, जिथं श्वास घरघरत होता तिथं, तिनं पालथा हात ठेवला.

"म्हंजी त्याचं कायतरी ऱ्हायलंय म्हना," ती म्हणाली.

मला काय बोलायचं होतं ते मी घरून ठरवून आलो होतो. गव्यांचा कळप. गावातली गुरं. कच्चं दूध पिणारी मुलं. मोठ्या बैलाला औषध द्यायचं तर वर्षभर रोज, तेही लागू पडेलच असं नाही, आणि तोवर तो रोज चाटणावर जाणार. मी हे सगळं बोललो, बहुधा फार घाईनं. तिनं ऐकलं.

"आन न्हाईतर?"

"त्याला... शांतपणे मारावं लागेल. इंजेक्शननं. त्याला दुखणार नाही."

"न्हाई," ती म्हणाली. रागावून नाही. जसं पाणी हवं का विचारल्यावर नको म्हणावं तसं. "एकदा मागं सरले. आता न्हाई."

मुळीक मात्र संतापले. "म्हातारीला विचारायचं कशाला? बैल तिचा आहे का?"

"तिचा नाही."

"मग कुणाचा?"

हाच प्रश्न त्यांनी गावातही विचारला, रवळनाथाच्या देवळापुढं, पंधरा-वीस माणसं बसली होती तिथं. आणि तिथं एकमतानं उत्तर आलं, कुणाचाच नाही. सोडलेल्याला मालक नसतो. मग परवानगी देणार कोण? गाव देऊ शकत नाही, यल्लूबाई देऊ शकत नाही. सरकार?

"सरकारनं सोडला हुता व्हय?" कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

"देवाला इचारू," भिकू गुरव म्हणाला. तो देवळाचा पुजारी, बुटका, सदा पान खाणारा. "कौल लावू. उजवा दिला तर तुमी काय करायचं ते करा. डावा दिला तर नाव काडायचं न्हाई."

मुळीक माझ्या कानाशी वाकले. "डॉक्टर, तुमच्या रिपोर्टवर आता देवाची सही घ्यायची हाय."

गुरवानं देवाच्या दोन्ही खांद्यांवर झेंडूच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. त्यानं हात जोडले आणि मोठ्यानं विचारलं, "बा रवळनाथा, सट्टूचा पोळ आजारी हाय. सायेब लोक म्हनत्यात, मारायचा. मारायचा काय?"

डावी पाकळी सुटली आणि खाली आली.

मुळीक पाय आपटत जीपकडे गेले. यल्लूबाई देवळाच्या पायरीवर बसली होती, ती जागची हलली नाही. तिला आनंद झाला होता असंही वाटलं नाही. माझ्या मनात मात्र आलं, बरं झालं. लपवत नाही, मला सुटल्यासारखं वाटलं. आता ते मला करावं लागणार नव्हतं.

पण मी शहरात परतलो नाही. मुळीकांच्या रेस्ट हाउसमध्ये राहिलो आणि दिवसभर जंगलात चाटणाजवळच्या मचाणावर बसून कोणता गवा खोकतो ते बघत होतो. माझ्या आवडीचं काम. कुणाशी बोलायला नको. तिसऱ्या की चौथ्या दिवशी खालून पाचोळा वाजला. यल्लूबाई. पोळाच्या मागोमाग आली होती.

"हितं येतो व्हय रोज?" ती हळूच म्हणाली.

"वर या. गवे आले तर—"

"गवं मला काय करत्यात?" असं म्हणाली, पण चढून आली, आणि माझ्या शेजारी बसली. तिच्या पदराला चुलीचा वास होता.

कळप दुपार कलल्यावर आला. काळेभोर, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. पोळ त्यांच्यातच उभा होता, एकटा पांढुरका, आणि कुणी त्याला हुसकत नव्हतं. ते मीठ चाटत होते. एक जीभ जिथून निघाली तिथं दुसरी लागत होती. यल्लूबाई ते टक लावून बघत होती.

मग कळप हलला. चढण चढून वर निघाला. मागे बांबूच्या बेटात काहीतरी तपकिरी पडलेलं होतं. वर्षभराचं वासरू. ते खोकलं, उठायचा प्रयत्न केला, परत बसलं. एक गवी कळपाबरोबर थोडी वर गेली, थांबली. परत थोडी खाली आली. वासराजवळ आली नाही. मधेच उभी राहिली. कळप वर गेला तेव्हा तिनं तिकडे मान वळवली, मग इकडे. पुन्हा तिकडे.

"आई हाय व्हय ती?" यल्लूबाईनं विचारलं.

"बहुतेक. हो. आईच."

"जवळ का जाईना?"

"कळप पुढं चाललाय. मागं राहिली तर वाघा-बिबट्याची भीती. आणि ते तर चालत नाही."

गवी उभीच होती. बराच वेळ. मग ती वर गेली, दोनदा थांबून. वासरू तिच्या दिशेनं मान करून पडलं होतं.

"त्याला सट्टूचाच?" यल्लूबाईनं विचारलं.

"हो," मी म्हणालो. त्या वेळी मी खात्री-बित्री काही म्हणालो नाही.

ती मचाणावरून उतरली. तिचा तोल जातो की काय असं वाटून मी हात पुढं केला, पण तिनं तो धरला नाही. उतारावरून ती सरळ गावाकडे निघाली, आणि मी तिच्या मागून. ती घरी गेली नाही. देवळात गेली. भिकू गुरव ओसरीवर पान लावत होता.

"भिकू, ऊठ. परत इचार."

"यल्लूवैनी, एकदा डावा दिल्यावर त्येच परत इचारता येत न्हाई."

"त्येच न्हाई इचारायचं. तू मारायचा काय म्हनून इचारलंस. मारायचा काय म्हनून इचारल्यावर कुठला देव व्हय म्हनंल?"

गुरवानं पान खाली ठेवलं. "मंग काय इचारू?"

"सोडवायचा काय म्हनून इचार."

"सोडलाय की त्याला."

"सोडलाय," ती म्हणाली. "म्या सोडलाय. सुटला कुठं त्यो? दुखन्यातनं सोडवायचा काय. इचार."

मी खांबाजवळ उभा होतो. देवाचं मला काही कळत नाही आणि त्या दिवशीही कळलं नाही. पाकळी ओली किती, चिकटवली कशी, यावर सगळं असणार, असंच मी मनाशी म्हणत होतो. तरी गुरवानं हात जोडले तेव्हा मीही जोडले होते. उजवी पाकळी पडायला फार वेळ लागला. पडली तेव्हा यल्लूबाई उठून उभी राहिली आणि पदर खोचला.

"उद्या सकाळी," ती मला म्हणाली. "भाकर खाऊ दे त्याला."

सकाळी गावातल्या माणसांनी खोपीच्या जागेशेजारी खोल खड्डा काढला होता. चुना मी जीपमधून आणला होता. मुळीकांनी लाकडं पाठवली आणि स्वतःही आले. थट्टा केली नाही. माणसांना मी लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहायला सांगितलं, आणि ती राहिली.

पोळ खड्ड्यापासून थोड्या अंतरावर उभा होता. यल्लूबाई त्याच्याजवळ. मी पहिलं, गुंगीचं इंजेक्शन दिलं. तो गुडघ्यावर आला, मग कुशीवर. यल्लूबाई खाली बसली आणि तिनं त्याचं मस्तक मांडीवर घेतलं. त्याचा श्वास सरळ तिच्या तोंडावर येत होता.

आता सांगायला हवं होतं, बाई, लांब व्हा. तसं सांगणं माझं काम होतं. प्रयोगशाळेत मी नव्या माणसांना हेच शिकवत असे, अंतर ठेवा. मी तोंड उघडलं.

"लांब हो म्हनू नगा, डाक्टर," ती वर न बघता म्हणाली. "तेवढं म्हनू नगा."

मी म्हणालो नाही. खिशातला धुतलेला रुमाल काढला, तिच्यामागे गुडघ्यावर बसलो आणि तिच्या नाका-तोंडावरून तो नेऊन डोक्यामागे गाठ मारली. गाठ पहिल्यांदा सुटली. तिनं मान स्थिर धरली, जशी पहिल्या दिवशी सुई टोचताना पोळानं धरली होती. कुणाच्या इतक्या जवळ मी आयुष्यात फार थोड्या वेळा बसलो आहे.

मग मी दुसरं इंजेक्शन शिरेत दिलं. ती रुमालाआडून त्याच्या कानात बोलत होती. या वेळी मला ऐकू आलं.

"आले हं," ती म्हणत होती. "आले बग. हितंच हाय. हितंच हाय मी."

मी छातीला स्टेथोस्कोप लावला. ठोके लांब लांब गेले. थांबले. मी पुन्हा ऐकलं. पुन्हा ऐकलं.

"गेला," ती म्हणाली. "कितीदा ऐकताय?"

जाळ धरला तेव्हा दुपार झाली होती. माणसं पांगली. मुळीक वासराच्या शोधात रानात गेले. ते त्यांना संध्याकाळी मेलेलं सापडलं, आणि त्यानंतर दोन वर्षांत आणखी तीन गवे गेले. मग कुणी गेलं नाही. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तेव्हा मी आणि यल्लूबाई बांधावर बसलो होतो, मधे दोघांच्या एक हाताचं अंतर, आणि मी सकाळीच लिहून ठेवलेल्या अहवालाचा विचार करत होतो. त्यात शेवटी एक वाक्य होतं: जंगलालगतच्या गावांत जनावरं मोकळी सोडण्याची प्रथा बंद करावी.

ते तिला सांगावं की नाही हे मला ठरवता येत नव्हतं.

"तुमचीही थुंकी तपासायला हवी," मी म्हणालो. "तालुक्याच्या दवाखान्यात मी सोबत येतो."

"या. येकटीला तितं काय सुदरत न्हाई." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "डाक्टर, तुमच्या घरात कोन?"

"कोणी नाही."

"आई?"

"गेली."

"लगीन?"

"नाही."

"म्हंजी तुमच्यामागं कोनच न्हाई."

"नाही."

"माझ्याबी न्हाई," ती म्हणाली. रुमाल तिच्या गळ्यात उतरला होता. तो काढून तिनं घडी घातली, माझ्याकडे द्यायला म्हणून हात पुढं केला, मग काय आठवलं कुणास ठाऊक, हात मागे घेऊन तो जाळात टाकला.

"सट्टूच्या नावानं म्या सोडला," ती म्हणाली. "माझ्या नावानं कोन सोडनार? भाऊबंद न्हाईत. गाव कशाला खोंड घालवंल?"

मी जाळाकडे बघत होतो.

"तुमी सोडाल?"

मी तिच्याकडे बघितलं. ज्या माणसानं आत्ता तिचा पोळ मारला, आणि ज्याच्या पिशवीत पोळ सोडणं बंद करा असं लिहिलेला कागद आहे, त्याला ती हे विचारत होती. तिला कागदाचं ठाऊक नव्हतं. पण मला वाटतं, तिनं माझ्या तोंडावर काहीतरी वाचलं असणार, कारण ती हसली. त्या सगळ्या दिवसांत मी तिला हसताना पहिल्यांदाच बघितलं.

"आसाच न्हाई सोडायचा," ती म्हणाली. "आदी टोचा त्याला. तीन दिस थांबा. मोजा, तुमची ती सवय हाय तशी, धा येळा मोजा. काय न्हाई आलं तरच सोडा."

"बरं," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की," मी म्हणालो.